तिसऱ्या रांगेतले मासे

घरचे आणि कामावरचे, सगळेच तिला भाची म्हणत. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी मामांनी ओळख करून दिली होती, "ही माझी भाची. पण त्याचा तिला काही उपयोग होणार नाही." लोकांच्या लक्षात फक्त पहिलं वाक्य राहिलं. घरी ती मामांना अरे-तुरे करायची, कामावर मात्र 'सर' आणि 'तुम्ही'. सुरुवातीला तिची फार तारांबळ उडे. एकदा जेवताना ती "सर, तुम्हाला अजून भात वाढू का?" म्हणाली आणि मामीला हसता हसता ठसका लागला.

वडील ती लहान असतानाच गेले. आई पोस्टात नोकरीला होती आणि ती संध्याकाळी उशिरा सुटायची. त्यामुळे शाळा सुटली की मुलगी मामांच्या प्रयोगशाळेत येऊन बसायची. तळघरातली ती लांबलचक खोली, कायम ओली फरशी, पंपाची घरघर, काळ्या टाक्यांमधून सरकणाऱ्या सावल्या, हे सगळं ती अभ्यास करता करता बघत आली. पुढे ती तोच विषय शिकली आणि त्याच खोलीत कामाला लागली. यात कोणालाच काही नवल वाटलं नाही.

काम माशांना दमवण्याचं होतं. मासे थंड पाण्यातले, ट्राउट जातीचे, हातभर लांब. एकेक मासा गोल टाकीत सोडायचा आणि हाताने त्याच्या शेपटीमागे पाणी ढवळत त्याला पळवत राहायचं. सुरुवातीला तो असा सुसाट सुटतो की पाणी माणसाच्या तोंडावर उडतं. मग वळणं जड होत जातात. शेवटी तो तळाशी जाऊन राहतो, शेपटीला बोट लावलं तरी हलत नाही. मग त्याला उचलून एका अरुंद काळ्या खोक्यात ठेवायचं. खोका माशाच्या मापाचा, वर झाकण, आत श्वासापुरतं पाणी. काही वेळाने मासा काढायचा, गुंगीचं औषध मिसळलेल्या पाण्यात घालून मारायचा, पाठीच्या स्नायूचा तुकडा कापून गोठवायचा आणि त्यात काय काय शिल्लक आहे ते मोजायचं.

मामांचं नाव झालं ते याच मोजणीवर. माशाच्या अंगाचा बहुतेक भाग पांढऱ्या स्नायूचा असतो, आणि हा स्नायू फक्त जीव वाचवून पळण्याच्या वेळी कामाला येतो. तेव्हा तो आपल्यात साठवलेली साखर प्राणवायूची वाट न बघता जाळून टाकतो. मागे उरतं लॅक्टेट. माणूस धावला की त्याच्या स्नायूतलं लॅक्टेट बरंचसं रक्तात उतरतं, यकृताकडे आणि इतर अवयवांकडे जातं. मासा ते घराबाहेर पडू देत नाही. स्नायूतच ठेवतो, तिथेच त्याची पुन्हा साखर करतो, आणि या कामाला लागणारी ताकद चरबी जाळून मिळवतो. हे मामांनी तरुणपणी दाखवून दिलं होतं. त्यापुढे जाऊन ते म्हणाले होते की हे काम फार सावकाश चालतं, जवळजवळ एक अख्खा दिवस लागतो, आणि हा सावकाशपणा माशाच्या स्नायूच्या घडणीतच आहे. पुस्तकांमधून त्याला 'मंद स्नायू' असं नाव पडलं. विद्यार्थी परीक्षेत ते लिहीत आणि मार्क मिळवत.

जवळच्या नदीच्या खालच्या अंगाला एक मत्स्यबीज केंद्र होतं. तिथे दर हंगामात ट्रक भरून प्रजननाचे मोठे मासे आणत. पकडताना, चढवताना, उतरवताना मासे पार दमून जात. मामांच्या सल्ल्यावरून त्यांना उतरवलं की अंधाऱ्या, स्तब्ध पाण्याच्या टाक्यांत झाकून ठेवत. तरीही दुसऱ्या दिवशी बरेचसे मासे पोट वर करून तरंगताना सापडत. दमणुकीने एवढे जाणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

त्या वर्षी भाचीकडे काम साधं होतं. मामांचाच जुना प्रयोग जरा मोठ्या माशांवर पुन्हा करायचा. खोक्यांच्या तीन रांगा होत्या, प्रत्येक रांगेला वेगळी तोटी, खोके भरले की बंद करायची. पहिल्या दोन रांगांतल्या माशांनी मामांचं म्हणणं अगदी आज्ञाधारकपणे पाळलं. तिसऱ्या रांगेतले मासे मात्र फटाफट सावरत होते. इतर मासे अर्ध्या वाटेवरही पोचले नसतील तेव्हा यांच्या स्नायूतलं लॅक्टेट जवळजवळ संपलेलं असायचं आणि साखर पुन्हा भरलेली.

"नमुने अदलाबदल झाले असतील," मामा म्हणाले.

"नाही झाले, सर."

"मग कापायला उशीर झाला असेल. पुन्हा कर."

तिने पुन्हा केलं. तिसरी रांग पुन्हा तशीच आली. आता मात्र तिला स्वतःच्या हातांवरच शंका येऊ लागली. तिने तराजू तपासला, रसायनं नवीन बनवली, माशांच्या टाक्या बदलल्या. कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय?

त्याच सुमारास फरशीवर पाणी फार साचतं म्हणून नळ दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. तो तोट्या एकेक करून खोलत गेला. तिसऱ्या रांगेची तोटी खोलल्यावर त्याने झिजलेला वायसर तिच्यापुढे धरला.

"ही बंद होतच नव्हती ताई. तुम्ही कितीही पिळा, पाणी चालूच."

त्याने नवीन वायसर बसवला, चहाला नको म्हणाला आणि गेला. पुढच्या खेपेला तिसऱ्या रांगेतले मासे इतरांसारखेच संथ झाले.

भाची उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली आणि बराच वेळ त्या तोटीकडे बघत राहिली. मग उठून तिने पहिल्या रांगेची तोटी थोडी सैल केली आणि एका खोक्याचं झाकण उघडून आत वाकून पाहिलं. दमून निपचित पडलेल्या माशाने थोड्या वेळाने अंग येणाऱ्या धारेत सरळ केलं. त्याची शेपटी हलू लागली. कुठे जायचं नव्हतं, नुसतं जागच्या जागी, वाहून जाऊ नये एवढंच पोहणं. दुपारनंतर तिने त्या रांगेतल्या माशांचे तुकडे काढून मोजले. सगळे सावरले होते.

मामा आपल्या खोलीत संत्रं सोलत होते. ती दारात उभी राहिली.

"सर, तिसऱ्या रांगेत चूक नव्हती."

"मग काय होतं?"

"पाणी जास्त होतं, वाहतं. त्यामुळे मासे हळूहळू पोहत होते. पोहणारे लवकर सावरतात."

"दमलेला मासा पोहतो आणि लवकर सावरतो?"

"हो."

"आणि स्वस्थ पडलेला उशिरा."

"हो."

मामांनी संत्र्याच्या फोडी कागदावर एका ओळीत मांडल्या. एकही खाल्ली नाही.

"म्हणजे मी इतकी वर्षं काय मोजलं?"

या प्रश्नाची तिने जिन्यातून येताना तयारी केली होती. 'परिस्थितीचा प्रभाव' वगैरे शब्द असलेलं एक लांब वाक्य जुळवलं होतं. ऐन वेळी त्यातलं काहीच आठवलं नाही.

"खोका," ती म्हणाली. "मामा, तू खोका मोजलास."

मामांनी मान वर केली. "इथे मामा कोण आहे?"

"सर," तिने सुधारून घेतलं.

"प्राणवायू," ते अगदी शांतपणे म्हणाले. "वाहत्या पाण्यात प्राणवायू जास्त असतो. तुझे मासे पोहण्याने सावरले नाहीत, श्वास नीट मिळाल्याने सावरले. हे वेगळं करून दाखव. तोपर्यंत कोणाशी बोलायचं नाही."

मुद्दा बिनतोड होता आणि तो आपल्याला सुचायला हवा होता, हे तिला कळलं. तिने स्तब्ध खोक्यांमध्ये हवेचे बुडबुडे सोडले, दोन्हीकडचा प्राणवायू सारखा करून घेतला आणि पुन्हा मोजलं. बुडबुड्यांतले मासे संथच राहिले.

मग मामा म्हणाले की मासे वेगवेगळ्या खेपेचे असतील. तिने एकाच टाकीतले मासे चिठ्ठ्या टाकून वाटले. मग ते म्हणाले की ती वाहत्या पाण्याच्या माशांना नकळत कमी दमवत असेल.

"मग तुम्ही दमवा," ती म्हणाली.

त्यांनी बाह्या वर केल्या आणि गोल टाकीपाशी गेले. कित्येक वर्षांत त्यांनी हे काम हाताने केलं नव्हतं. पाणी इतकं गार होतं की थोड्याच वेळात त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले. कोणता मासा कुठल्या रांगेत जाणार हे त्यांनी ठरवलं नाही, तिला ठरवू दिलं नाही, दुसऱ्या खोलीतल्या कारकुनाला ठरवायला लावलं. त्यांनी एकूण एक मासा तळाला जाईपर्यंत पळवला. शर्ट भिजला, चष्म्यावर पाणी उडालं, कंबर धरली. उत्तर तेच आलं.

त्या रविवारी नेहमीप्रमाणे भाची आणि आई मामांकडे जेवायला गेल्या. मामीचं चष्म्यांचं दुकान होतं. लोकांच्या डोळ्यांकडे बघून बघून तिला बाकीचा चेहराही वाचता यायचा. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, "माशांचं काय असेल ते तळघरात. माझ्या टेबलावर नको." त्यामुळे जेवणभर पंख्याच्या आवाजाबद्दल आणि शेजाऱ्यांच्या नव्या गाडीबद्दल बोलणं झालं. मामांनी दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घेतलं नाही.

घरी परतताना आईने विषय काढला. मामीने तिला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं होतं.

"त्याने तुला वाढवलंय," आई म्हणाली.

"मग खोटं लिहू का?"

"खोटं लिही असं मी कुठे म्हणाले? थोडं थांब. पुढच्या वर्षी दादा निवृत्त होतोय. हार-तुरे होऊ देत, भाषणं होऊ देत. मग लिही काय लिहायचं ते. मासे काही पळून जात नाहीत."

आईचं म्हणणं भाचीला अगदीच अमान्य होतं असंही नाही. थांबण्याइतकी सोपी दुसरी गोष्ट नव्हती. कोणाचं मन दुखणार नव्हतं आणि तिचं काही चोरीलाही जाणार नव्हतं. पुढचे काही दिवस ती रोज कामावर जाऊन टाक्या धूत राहिली.

एका सकाळी मामा तळघरात उतरले.

"रक्त ठेवलंयस का त्या माशांचं?"

"ठेवलंय."

"कॉर्टिसॉल मोज त्यातलं."

कॉर्टिसॉल म्हणजे जीव घाबरला, अडचणीत सापडला की रक्तात चढणारं संप्रेरक. तिने मोजलं. खोक्यात स्तब्ध पाण्यात पडलेल्या माशांच्या रक्तात ते भरपूर होतं. बाहेरून स्वस्थ दिसणारे ते मासे आतून हवालदिल झालेले होते. पोहणाऱ्यांमध्ये ते जेमतेम चढलं होतं. तिने कागद मामांपुढे ठेवला.

"याने काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "दोघं एका बाकावर बसलेली दिसली म्हणजे नवरा-बायको होत नाहीत. संप्रेरक चढलं आणि स्नायू रेंगाळला. यामुळे ते झालं कशावरून?"

"मग कसं दाखवायचं?"

मामांनी खडू घेतला आणि फळ्यावर एक खोका काढला. "मासा इथेच ठेव. झाकण लाव. पाणी बंद. फक्त आधी औषध देऊन त्याचं संप्रेरक चढूच देऊ नकोस. पोहणं नाही, काही नाही. तरीही तो लवकर सावरला तर तुझं खरं. नाही सावरला तर माझं."

त्यांनी खडू खाली ठेवला. भाची फळ्याकडे बघत राहिली. एवढा स्वच्छ प्रयोग तिला सुचला नसता. आणि ज्यांना तो सुचला त्यांना तो फसायला हवा होता, हेही तिला दिसत होतं.

औषध मागवण्यात आणि मात्रा बसवण्यात वेळ गेला. प्रयोगाच्या दिवशी मामा तळघरात आलेच नाहीत. मोजणी झाल्यावर ती वर गेली. औषध दिलेले मासे खोक्यात, अंधारात, साचल्या पाण्यात झपाट्याने सावरले होते. स्नायू मंद नव्हता. त्याला कोणीतरी धरून ठेवलं होतं.

मामांनी आलेख दोन्ही हातांत धरून उभ्याउभ्याच पाहिला. मग "बरं" म्हणाले, टोपी घेतली आणि घरी निघून गेले. मामीने नंतर सांगितलं की त्या दुपारी त्यांनी घरातले सगळे बूट काढून पॉलिश केले. स्वतःचे, मामीचे, कधीच न वापरलेले लग्नातलेसुद्धा. मामीच्या कापडी चपलांनाही ब्रश लावायला निघाले तेव्हा तिने त्या हातातून काढून घेतल्या.

दोन दिवसांनी मत्स्यबीज केंद्राच्या व्यवस्थापकाचा फोन आला. तो मामांसाठी होता, पण मामा जागेवर नव्हते म्हणून भाचीने घेतला. हंगामातला पहिला ट्रक गुरुवारी येणार होता. नेहमीप्रमाणे टाक्या झाकून, पाणी बंद करून ठेवतो, एवढंच सांगायला त्याने फोन केला होता. तिने फोन ठेवला आणि तशीच मामांच्या घरी गेली. ते गच्चीत कपडे वाळत घालत होते.

"मामा, मी निवृत्तीपर्यंत थांबू का?"

"कोणी सांगितलं थांबायला?"

"आईने."

"जन्मभर पोस्टात काम केलं तिने," मामा शर्टाला चिमटा लावत म्हणाले. "टपाल दाबून ठेवायची सवय कधीपासून लागली?"

तिने ट्रकचं सांगितलं. त्यांनी बादलीतला शेवटचा कपडा पिळला, झटकला, दोरीवर टाकला.

"गुरुवारी सकाळी लवकर निघू," ते म्हणाले. "गमबूट घे."

व्यवस्थापक गोल चेहऱ्याचा, हसतमुख आणि भयंकर नियमपाळू माणूस होता. मामांना पाहून तो इतका खूश झाला की त्याने त्यांना आधी कार्यालयातच नेलं. भिंतीवर मामांच्या सूचना प्लास्टिकमध्ये घालून लावल्या होत्या. मासे उतरवल्यावर अंधारात व स्तब्ध पाण्यात ठेवावेत.

"पाणी सोडा," मामा म्हणाले. "सगळ्या गोल टाक्यांत. माशाला धारेकडे तोंड करून राहावं लागेल एवढी धार हवी, त्याहून जास्त नको."

व्यवस्थापकाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "सर, दमलेले असतात हो ते. त्यांना आणखी पळवायचं?"

"पळवायचं नाही. चालवायचं."

"पण सर, तुम्हीच तर सांगितलं होतं..."

"मीच सांगितलं होतं," मामा म्हणाले. "ते चुकीचं होतं. हिने मोजून दाखवलंय."

व्यवस्थापकाने भाचीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा मामांकडे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. इतकी वर्षं तो वरिष्ठांना मेलेल्या माशांचं कारण सांगताना मामांचंच नाव पुढे करत आला होता. भाचीला त्याची दया आली.

"अर्ध्या टाक्यांत सोडू," ती म्हणाली. "अर्ध्या तुमच्या पद्धतीने ठेवू. म्हणजे तुम्हालाही फरक दिसेल आणि आम्हालाही तुलना मिळेल."

व्यवस्थापकाला ते पटलं. मामा एकदम उखडले.

"तुलना तळघरात झाली. मी स्वतः केली. हे लोकांचे मासे आहेत. अर्धे मारून काय बघायचंय तुला?"

व्यवस्थापकाने माणसांना हाक मारली आणि सगळ्या टाक्यांच्या तोट्या सोडायला लावल्या.

ट्रक आला तेव्हा ऊन चढलं होतं. मासे पिशव्यांमधून टाकीत सोडले आणि पहिल्याच टाकीत गडबड झाली. काही मासे इतके गळाठले होते की त्यांना धार सोसेना. ते शेपटीकडून ढकलले गेले आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या जाळीवर जाऊन चिकटले. एक आडवा झाला, दुसरा त्याच्यावर येऊन पडला. व्यवस्थापक धावत तोटीकडे गेला.

"बंद करू नका!" मामा ओरडले. "कमी करा. अर्धी करा."

मामांच्या पायांत गमबूट होतेच. ते टाकीच्या काठावरून आत उतरले. पाणी बुटांच्या वर होतं, ते भराभरा आत शिरलं. त्यांनी जाळीवरचा एक मासा दोन्ही तळव्यांवर उचलला, धारेकडे तोंड करून सरळ धरला आणि तसेच उभे राहिले. माशाचे कल्ले उघडत मिटत होते. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या अंगातून एक हलकीशी लाट गेली, शेपटी हलली, आणि तो तळव्यांवरून एक वीतभर पुढे सरकला. तिथे तो टिकला.

भाचीही आत उतरली. मग केंद्रातली दोन माणसं. शेवटी व्यवस्थापकसुद्धा विजार दुमडून उतरला. दुपार टळेपर्यंत ते एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जात होते. जाळीवरचा मासा उचलायचा, सरळ धरायचा, सोडायचा, पुन्हा चिकटला तर पुन्हा उचलायचा. कोणी फार बोलत नव्हतं. मध्येच व्यवस्थापक म्हणाला, "सर, माझ्या पायांना आता कळत नाही की मी उभा आहे." मामा म्हणाले, "उभे आहात. मी बघतोय." तेवढंच काय ते बोलणं.

उन्हं कलली तेव्हा सगळ्या टाक्यांतले मासे एकाच दिशेला तोंड करून, सारख्या अंतरावर, धारेत उभे होते.

मामांना त्या संध्याकाळी ताप भरला. मामीने भाचीला फोनवर चांगलंच झाडलं, "तू तरुण आहेस, तुला अक्कल नको? त्या माणसाचं वय काय, पाण्यात उतरवतेस त्याला?" भाचीने ऐकून घेतलं. मामा स्वतःहून उतरले हे सांगण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या सकाळी व्यवस्थापकाचा फोन आला. दर वेळी मेलेले मासे काढायला त्याला टोपल्या लागत. आज एका बादलीत काम झालं होतं. "पण बादलीभर का होईना, मेले की," तो म्हणाला. आपल्याला नीट समजत नाही म्हणून पुढच्या ट्रकला भाचीने पुन्हा यावं, असंही म्हणाला. सर आले तर उत्तमच, पण त्यांनी पाण्यात उतरू नये.

शोधनिबंध छापून आला. भाचीचं नाव आधी होतं, मामांचं शेवटी. हा क्रम मामांनी घालून दिला होता आणि त्यावर चर्चा करू दिली नव्हती. त्यांनी एक वेगळा लहानसा मजकूरही लिहिला. आपल्या जुन्या निबंधांतले आकडे बरोबर आहेत, पण ते कोंडलेल्या माशांचे आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. काही जुन्या मित्रांनी त्यांचं कौतुक केलं. एकाने मात्र कळवलं की हे आधी तपासायला हवं होतं, आणि ते पत्र मामांना जास्त पटलं. पुस्तकांमध्ये 'मंद स्नायू' तसाच राहिला. विद्यार्थी तेच लिहीत आणि मार्क मिळवत.

घरी मात्र लगेच सगळं सुरळीत झालं नाही. काही महिने मामा रविवारी जेवण झालं की उठून आत जायचे. भाचीशी कामाचं तेवढंच बोलायचे. "ती आहेच खरं करून सोडणारी" असं ते एकदा मामीला म्हणाले ते भाचीने ऐकलं. ते कौतुकाने म्हटलं की रागाने, हे मामीलाही सांगता आलं नाही. आई मध्यस्थी करायला गेली आणि दोघांकडून ऐकून परत आली. निवृत्तीच्या समारंभात भाषणं झाली. सगळ्यांनी त्यांच्या पहिल्या शोधाबद्दल, लॅक्टेट घरातच ठेवणाऱ्या स्नायूबद्दल सांगितलं. ते अजूनही खरं होतं. दुसऱ्या शोधाबद्दल, त्या मंद स्नायूबद्दल, कोणी बोललं नाही. मामा सगळ्यांचे आभार मानून खाली बसले.

त्यानंतर ते आठवड्यातून दोन-तीनदा तळघरात येऊ लागले. त्यांची खोली आता दुसऱ्याला मिळाली होती, म्हणून ते भाचीच्या टेबलाच्या टोकाला बसत. एकदा असेच बसलेले असताना नवीन अंक चाळता चाळता थांबले. दुसऱ्या कुठल्यातरी प्रयोगशाळेने भाचीचा प्रयोग समुद्रतळाशी पडून राहणाऱ्या चपट्या माशांवर केला होता. वाहत्या पाण्याने त्या माशांना काडीचाही फरक पडला नव्हता. उलट त्यांना पोहायला लावलं की ते आणखी रेंगाळत.

मामांचा चेहरा उजळला.

"बघ," ते म्हणाले, "चपटे मासे माझ्या बाजूचे आहेत."

भाचीने अंक ओढून घेतला आणि पूर्ण वाचला. "यांनी संप्रेरक मोजलेलं नाही."

"नाही ना. मग आपण मोजू."

"चपटे मासे कुठे ठेवणार? आपल्या टाक्यांचा तळ नुसता गुळगुळीत आहे. पाणी खारं करता येईल, पण त्यांना अंग लपवायला वाळू लागते."

मामा उठले, मागच्या टाकीपाशी गेले आणि काठावरून आत वाकून तळाचा अंदाज घेऊ लागले.

"बारीक लागेल," ते तिथूनच म्हणाले. "आणि धुतलेली. नाहीतर पंपात जाईल."

"मी विचारते कुठे मिळते ते."

"मीच जातो," मामा म्हणाले. "तू भलतीच जाडी आणशील."